खिशातली पेन्सिल

आषाढातल्या एका रविवारची सकाळ. वर्तमानपत्र घेऊन मी नुकताच आरामखुर्चीत टेकलो होतो. एवढ्यात न्हाणीघराच्या बाजूने सौ.चा आवाज आला, "अहो, इकडे या जरा. तुमच्या खिशातला खजिना बघा."

नवऱ्याच्या खिशात खजिना सापडला असे बायकोने सांगावे आणि नवऱ्याने आनंदाने धावत जावे, असे प्रसंग संसारात फारसे येत नाहीत. मी भीतभीतच गेलो. वॉशिंग मशीनचे झाकण उघडे होते आणि सौ.च्या तळहातावर दोन वस्तू होत्या. एक म्हणजे सुपारीएवढा पांढरट निळा लगदा. आणि दुसरी म्हणजे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा भिजून वाकडा झालेला तुकडा.

तो लगदा पाहून माझ्या काळजात चर्र झाले. शुक्रवारी संध्याकाळी उडप्याच्या बिलामागे मी बॉलपेनने एका गोष्टीचे कथानक टिपून ठेवले होते, त्याचे ते अवशेष होते. दिवाळी अंकासाठी काहीतरी द्या, असा संपादकांचा निरोप येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि त्या पंधरा दिवसांत मला सुचलेली ती एकुलती एक गोष्ट होती.

"आणि हा तुकडा कुठला?" मी विचारले.

"बोहारणीला द्यायला म्हणून तुमचा जुना चौकड्यांचा शर्ट काढला होता. म्हटले, धुऊन तरी द्यावा. त्याच्या खिशात होता."

तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते. ते पाण्यात फिरूनही जसेच्या तसे राहिले होते. मी वाचले: 'आत्या — जाते — ओवी — फार सुंदर!'

मी पुन्हा वाचले. अक्षर माझेच होते. आत्या दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हाचे ते टिपण असणार, हेही ध्यानात आले. पण तिने म्हटलेली ती ओवी कोणती, तिच्यात सुंदर काय होते, ते काही केल्या आठवेना. आणि आत्याला विचारायची सोय राहिली नव्हती. ती त्याच वर्षीच्या माघात गेली.

वाचकहो, लगद्याचे दुःख मी दोन दिवसांत विसरलो. गोष्टी काय, येतात आणि जातात. पण त्या चार शब्दांनी मला अजून सोडलेले नाही. हा लेख त्यातूनच निघालेला आहे.

दादर उतरणार?

सुचलेली गोष्ट जाते कशी, याचा मला चांगला अनुभव आहे. मी डोंबिवलीचा. आयुष्यातली निम्मी वर्षे मी लोकलच्या दांडीला लोंबकळून काढली. जे काही सुचते ते त्याच वेळी. घरी टेबलापाशी बसावे, कोरा कागद पुढ्यात घ्यावा, चहाचा कप शेजारी ठेवावा, की डोक्यात नुसता वारा. आणि दोन्ही हात अडकलेले, कोणाची तरी पिशवी बरगडीत रुतलेली, अशा अवस्थेत घाटकोपर गेले की सगळी वाक्ये ओळीने समोर उभी राहतात! एकदा तर अख्ख्या लेखाचा शेवट मला कुर्ल्याला सुचला. शब्दन् शब्द तयार. मी तो मनात घोळवीत होतो, तोच मागून खांद्यावर थाप पडली, "दादर उतरणार?" मी "नाही" म्हटले, अंग चोरून वाट दिली, आणि वळून पाहतो तो शेवट दादरला उतरून गेलेला!

माझे सोडा. या 'दादर उतरणार?'ने थोरामोठ्यांनाही सोडलेले नाही. कोलरिज या इंग्रज कवीने स्वतःच सांगून ठेवले आहे, की १७९७ साली झोपेत त्याला दोनतीनशे ओळींची एक कविता सुचली. जागा होऊन तो ती भराभर उतरवू लागला, तोच पोर्लॉक गावाहून कोणीतरी कामासाठी आला. तासाभराने तो गृहस्थ गेला आणि कोलरिज पुन्हा लिहायला बसला, तेव्हा कविता निघून गेलेली होती. 'कुब्ला खान' या नावाने ती १८१६ साली छापली गेली, ती ५४ ओळींचीच. काही टीकाकार म्हणतात की हा पोर्लॉकचा माणूस कवीने रचलेली सबब असावी. असेलही, पण ज्याने ज्याने काही लिहिण्याची खटपट केली आहे, त्याला तो माणूस ओळखीचा वाटल्याशिवाय राहत नाही.

हे असे का होते, याचा शास्त्रज्ञांनीही शोध घेतला आहे. १९५९ साली अमेरिकेत पीटरसन पतिपत्नींनी एक साधा प्रयोग केला. समोरच्या माणसाला तीन व्यंजने सांगायची आणि लगेच एका मोठ्या आकड्यातून तीनतीन वजा करीत उलटे मोजायला लावायचे. मोजण्यात मन गुंतल्यामुळे ती अक्षरे घोकायला त्याला सवड मिळत नसे. अठरा सेकंदांनी विचारले, तर दहा वेळांत जेमतेम एकदा ती तीन अक्षरे नीट सांगता येत. तीन अक्षरे आणि अठरा सेकंद! वाटल्यास फराळाच्या वेळी पाहुण्यांवर करून पाहा. मुलांना एखाद्याला 'क, थ, म' सांगायला लावा आणि ३४७ मधून तीनतीन उणे करायला बसवा.

मुद्दा असा, की नवा विचार अजून मनात रुजलेला नसतो. तो घोकीत राहिले तरच टिकतो. आणि मध्येच कोणी काही विचारले की घोकणे थांबते. म्हणजे 'इतके छान सुचले आहे, हे काही मी विसरणार नाही' असे जे आपल्याला वाटते, ते साफ खोटे. छान सुचण्याचा आणि लक्षात राहण्याचा काही एक संबंध नाही.

पूल आणि वही

यावर उपाय एकच, सुचले की तिथल्या तिथे टिपणे. तो ज्यांनी केला त्यांच्या गोष्टी मोठ्या मौजेच्या आहेत.

डब्लिन शहरात हॅमिल्टन नावाचा गणिती होता. एक कोडे तो कित्येक वर्षे सोडवीत होता. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी तो बायकोबरोबर कालव्याच्या काठाने एका सभेला चालला असताना एका पुलापाशी त्याला त्याचे उत्तर सुचले. त्याने खिशातला चाकू काढला आणि ते समीकरण पुलाच्या दगडावर कोरले! बायकोची मनःस्थिती काय झाली असेल, याची कल्पना आमच्या घरात सहज करता येते. पण या गोष्टीतला पुढचा भाग लोक सांगत नाहीत. दगडावर कोरण्याआधी हॅमिल्टनने खिशातली छोटी वही काढून तिच्यात ते लिहून ठेवले होते. पुढे दगडावरची अक्षरे झिजून गेली. आता तिथे १९५८ साली बसवलेली पाटी आहे. वहीतली नोंद मात्र टिकली. दगडापेक्षा कागद जास्त टिकला! त्या दिवशी सापडलेल्या 'क्वाटर्नियन' नावाच्या संख्या आज अवकाशयानाची दिशा ठरवताना आणि संगणकावर चित्रे फिरवताना वापरतात.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रियातल्या ग्राट्झ गावच्या ऑटो ल्योवीची. ती तर माझ्या त्या चार शब्दांची सख्खी बहीण शोभेल. मज्जातंतू हृदयाला हुकूम देतात ते विजेने की कोणा रसायनाने, या प्रश्नाने तो झपाटलेला होता. १९२० च्या सुमारास एका रात्री झोपेत त्याला प्रयोग सुचला. तो जागा झाला, उशाशी सापडलेल्या चिटोऱ्यावर त्याने खरडले आणि समाधानाने झोपी गेला. सकाळी उठून पाहतो तो स्वतःचेच अक्षर लागेना! तो अख्खा दिवस त्याने तळमळत काढला. सुदैवाने दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच पुन्हा सुचले. या खेपेला त्याने चिटोऱ्यावर विश्वास ठेवला नाही. तो उठून सरळ प्रयोगशाळेत गेला. बेडकांची दोन हृदये घेऊन त्याने एकाच्या मज्जातंतूला चेतवले. ते मंद झाले. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला घातला. तेही मंद झाले. म्हणजे हुकूम रसायनाचा! या कामाबद्दल १९३६ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. वाईट अक्षरापायी ते जाण्याची वेळ आली होती. पुन्हा तेच सुचणे हे मोठे नशीब, आणि ते दरवेळी लाभत नाही.

डार्विनच्या वह्यांची गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. उत्क्रांतीचा विचार करायला त्याने १८३७ साली एक छोटी वही सुरू केली आणि तिच्यात एके ठिकाणी झाडासारखे वेडेवाकडे चित्र काढून वर लिहिले, 'मला वाटते'. एवढेच. त्याचा जगप्रसिद्ध ग्रंथ यायला १८५९ साल उजाडले. म्हणजे ते चिटोरे बावीस वर्षे मुरत होते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ती आणि तिच्या जोडीची अशा दोन वह्या २००१ साली नाहीशा झाल्याचे आढळले. खूप शोधाशोध झाली. शेवटी मार्च २०२२ मध्ये कोणीतरी त्या गुलाबी पिशवीत घालून ग्रंथपालाला ईस्टरच्या शुभेच्छा देणाऱ्या चिठ्ठीसह ग्रंथालयात ठेवून गेले! पोस्टकार्डाएवढ्या वहीसाठी साऱ्या जगाने हळहळावे, ही टिपणाची किंमत.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. गांधीजींनी 'हिंद स्वराज्य' लिहिले ते नोव्हेंबर १९०९ मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना, बोटीवरच्याच कागदांवर, दहाएक दिवसांत. उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने लिहीत. आणि ज्यांना कागदही मिळाला नाही, त्यांनी काय केले? अंदमानच्या कोठडीत सावरकरांनी खिळ्याकाट्यांनी भिंतीवर ओळी उमटवल्या आणि त्या पाठ केल्या. हे आठवले की आपल्या खिशात पेन असूनही 'नंतर लिहू' म्हणण्याची लाज वाटते.

साधनांचा संसार

तर लगद्याच्या त्या रविवारनंतर मी ठरवले की हे प्रकरण आता नीट लावायचे. आणि मध्यमवर्गीय माणूस काहीही नीट लावायचे ठरवतो, तेव्हा तो आधी दुकानात जातो.

पहिल्याने मी चामड्याच्या बांधणीची, आत रेशमी फीत असलेली एक देखणी वही आणली. तिच्यात अजून काही लिहिलेले नाही. इतक्या चांगल्या कागदावर फालतू काही लिहिण्याचा धीर होत नाही, आणि सुरुवातीला सुचते ते सगळे फालतूच असते. शिवाय ती खिशात मावत नाही. टिपणवहीचा पहिला गुण म्हणजे ती अंगावर असली पाहिजे, आणि दुसरा म्हणजे ती खराब करताना वाईट वाटता कामा नये. या दोन्ही परीक्षांत ती नापास झाली. सध्या ती पाहुण्यांना दाखवण्याच्या कामी येते.

मग कन्येने मला शहाणे करण्याचे मनावर घेतले. "बाबा, हातात मोबाइल असताना कागद कसले गोळा करता? सुचले की बोलून ठेवा." मी तेही केले. त्यात सोय आहे, नाही असे नाही. चालता चालता बोलता येते, आणि दुसऱ्याचे बोलणे त्याच्या आवाजासकट उतरते, ते काही कागदाला जमायचे नाही. पण लोकलच्या गर्दीत स्वतःशीच "म्हातारा दाराशी उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले" असे बोलणाऱ्या माणसाकडे आजूबाजूचे ज्या नजरेने पाहतात, ती सोसायला छाती लागते. एकाने मला बसायला जागा दिली.

मग बोटांनी लिहून स्वतःच्याच नंबरावर निरोप पाठवण्याची युक्ती काढली. ती निःशब्द असल्यामुळे बरी. फक्त एक अडचण. मोबाइल उघडताच तिथे आधी मेहुण्याचे 'शुभ सकाळ', त्यात गुलाबाचे फूल. मग सोसायटीच्या पाण्याची सूचना. मग कोणाच्या तरी नातवाचे बारसे. बारशाला 'अभिनंदन' लिहून होईपर्यंत आपण मोबाइल कशासाठी उघडला होता, याचा पत्ता नसतो. म्हणजे पोर्लॉकचा माणूस आपणच खिशात घेऊन हिंडायचे!

शेवटी मी जिथून निघालो होतो तिथेच येऊन पोहोचलो. एका बाजूला कोरे असलेले कागद घरात ढिगाने असतात. त्यांचे चार चार तुकडे केले, वीसपंचवीस एकत्र करून सौ.ने त्यांना दोऱ्याचे दोन टाके घातले, झाली वही. शर्टाच्या खिशात मावते, संपली की दुसरी. आणि सोबत बोटभर लांबीची पेन्सिल.

पेन्सिलच का, हे त्या रविवारी मशीननेच शिकवले. पेन्सिलीत असते ग्रॅफाइट, आणि ते पाण्यात विरघळत नाही, शाई पसरते. बॉलपेनमधली शाई खाली उतरते ती आपल्या वजनाने. त्यामुळे भिंतीला कागद टेकवून किंवा उताणे पडून लिहू लागलात, तर थोड्याच वेळात ते रुसते. पेन्सिल कशीही धरा, लिहिते. गळत नाही, खिशाला निळा डाग पाडत नाही, आणि हरवली तर हळहळ वाटत नाही. ग्रॅफाइटच्या पुडीत माती कालवून भाजायची कृती कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ साली काढली. मातीच्या कमीजास्त प्रमाणावर पेन्सिलीचा कठीणपणा ठरतो. टिपणाला मऊ शिसाची पेन्सिल बरी. कमी उजेडातही ठळक उमटते. मोबाइललाही मी काडीमोड दिलेला नाही. कोणाचे लांबलचक बोलणे ऐकण्यासारखे असले, तर त्याची परवानगी घेऊन ते मोबाइलमध्ये भरून घेतो.

काय टिपावे?

पण साधनापेक्षा मोठा प्रश्न निराळाच आहे, आणि इथे मी पुन्हा त्या चार शब्दांकडे येतो.

'आत्या — जाते — ओवी — फार सुंदर!' यात माझे साधन चुकले नव्हते. पेन्सिल होती, कागद जाड होता, अक्षर लागत होते, पाण्यातूनही निभावले होते. चूक होती ती वेगळीच. मी आत्याचे शब्द लिहिले नव्हते. माझे मत लिहिले होते. 'फार सुंदर' हे लिहून ठेवण्याची काय गरज? ओवी लिहिली असती तर ती सुंदर आहे हे मला आजही कळले असते.

तो दिवस मला आठवतो. पाऊस कोसळत होता. आत्या खिडकीपाशी वाती वळत बसली होती. राजापूरकडच्या तिच्या घरी पहाटे अंधारात जाते कसे सुरू होई, ते ती सांगत होती, आणि सांगता सांगता तिने ती ओवी म्हटली. मी म्हटले, "वा! आत्या, हे सगळे तुझ्याकडून एकदा नीट लिहून घेणार आहे."

"एकदा कशाला? आत्ता घे की. लेखक ना तू?" ती म्हणाली.

"आत्ता नको. दिवाळीचे लेखन हातावेगळे होऊ दे. मग निवांत बसू."

"बस हो निवांत," आत्या हसून म्हणाली, "मी काय, आहेच."

मी लगेच लग्नपत्रिकेचा तुकडा घेऊन ते चार शब्द खरडले, आणि काम झाले असे समजून खिशात घातले. पुढे दिवाळीचे लेखन आटोपले. ती गावी गेली होती. मग माघ आला.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. घरोघरी बायकांच्या तोंडी होत्या म्हणून त्या मिळाल्या, आणि कोणीतरी वेळेवर जाऊन ऐकल्या म्हणून राहिल्या. माझ्या घरात एक बाई स्वतः होऊन सांगत होती आणि मी तिला पुढची तारीख देत होतो.

तेव्हापासून मी काही नियम केले आहेत, तेवढे सांगतो. सुटा शब्द लिहायचा नाही. तोडके का होईना, वाक्य लिहायचे. महिन्यानंतर ते वाचणारा मी आजचा मी नसतो, त्याला परका समजूनच लिहावे. कोणी काही म्हटले तर त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत, दुरुस्ती न करता. खाली तारीख, जागा आणि कोण बोलले ते. एका पानावर एकच गोष्ट, म्हणजे पाने पुढे वेगळी करून लावता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दिवेलागणीला खिसा रिकामा करायचा. दिवसभरातले टिपण त्याच रात्री मोठ्या वहीत उतरवायचे. कारण तोवर लिहायचे राहिलेले अर्धे मनात असते आणि उतरवताना ते आपोआप कागदावर येते. दुसऱ्या दिवशी ते अर्धे गेलेले असते. शिवाय हा नियम पाळला म्हणजे मशीनमध्ये लगदे होत नाहीत, आणि घरात शांतता नांदते.

दुधाच्या हिशेबाशेजारी

एवढ्यावर हा लेख संपायचा होता. पण श्रावण सरता सरता गणपतीच्या आधीची साफसफाई निघाली. मी स्टुलावर चढून माळ्यावरचे सामान खाली देत होतो आणि सौ. ते झटकत होती. त्यात जुन्या कॅलेंडरांची एक सुरळी निघाली.

"ही कशाला जपून ठेवलीस? टाकून देऊ," मी म्हटले.

"थांबा, थांबा. त्यात माझे हिशेब आहेत."

आमच्या स्वयंपाकघरात दाराशेजारी खिळ्याला कॅलेंडर असते. त्याच्या चौकोनात ती दुधाचा हिशेब लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते, इस्त्रीवाल्याकडे दिलेले कपडे लिहिते. खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असते. हे सगळे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि हेही टिपणच आहे असे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते.

ती एकेक पान उलटीत होती. 'दूध २ लि.', 'दूध नाही', 'गॅस लावला'. एके ठिकाणी कन्येच्या पहिल्या पगाराची तारीख. एके ठिकाणी 'हे चिडले, साखर विसरले'. मग ती थांबली आणि काही न बोलता पान माझ्यापुढे धरले. दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. 'दूध २ लि.' याच्या खाली, चौकोनात मावेना म्हणून शेजारच्या दिवसावर गेलेल्या बारीक अक्षरांत लिहिले होते:

'आत्याबाई म्हणाल्या, जात्यात वैरण थोडीथोडी घालावी. मूठ मोठी झाली की जाते हलके फिरते पण पीठ भरड पडते. आई सांगायची, घाई दिसते ती पिठात दिसते.'

मी खाली बसलो. ही ती ओवी नव्हती. ओवी गेली ती गेलीच, सौ.लाही ती आठवत नाही. पण त्या शब्दांत आत्याचा आवाज होता. 'घाई दिसते ती पिठात दिसते' हे म्हणताना ती मान किंचित कलती करायची, तीही दिसली. आणि 'आई सांगायची' म्हणजे माझी आजी, जिला मी पाहिलेलेही नाही. दोन पिढ्यांच्या बायकांचे बोलणे दोन लिटर दुधाच्या शेजारी, माळ्यावर, सुरळीत पडून होते.

"तू हे का लिहिलेस?" मी विचारले.

"का म्हणजे? भाजणी दळून आणायची होती तेव्हा त्या बोलल्या. मला आवडले. हाताशी पेन्सिल होती, लिहिले." मग जरा थांबून ती म्हणाली, "मी काय लेखक थोडीच आहे, निवांत वेळ मिळेपर्यंत थांबायला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते पान मी तिच्या परवानगीने कापून घेतले आणि चामड्याच्या त्या देखण्या वहीत चिकटवले. म्हणजे वरती 'अजून काही लिहिलेले नाही' असे जे म्हटले, ते खरेच आहे. तिच्यात मी लिहिलेले अजून काही नाही. त्याच्यासमोर मी लग्नपत्रिकेचा तो तुकडाही लावला आहे, माझ्या शिक्षेसाठी.

आता दिवाळी आली आहे. चार दिवस घरोघरी मंडळी जमतील. फराळाची ताटे फिरतील, आणि कोणी काकू चकली मोडता मोडता, कोणी मामा पाटावर बसता बसता, सहज काहीतरी बोलून जातील. ते बोलणे पुन्हा तसेच ऐकायला मिळेल, असे धरून चालू नका. फार काही करायला नको. दाराशेजारच्या कॅलेंडराला एक पेन्सिल तेवढी बांधून ठेवा, आणि तिचा दोरा जरा लांब ठेवा.